विस्मृतीत गेलेला प्रकाशशोधक : ओलेग लोसेव

खोडाळा : कसाऱ्याहून विहीगावमार्गे डोंगर चढत येणारा रस्ता मोखाडा तालुक्यातील खोडाळ्यात पोहोचतो. इथून पुढे एका अंगाला सूर्यमाळचे पठार आणि दुसऱ्या अंगाला वैतरणेचे खोरे. सभोवतालच्या डोंगरउतारांवर वारली, ठाकूर, कोकणा, कातकरी आणि महादेव कोळी समाजाचे पाडे विखुरलेले आहेत. एके काळी या पाड्यांवर रात्र म्हणजे घासलेटची मिणमिणती चिमणी, फार तर एखादा कंदील. आज सौरदिवा असो, हातातली विजेरी असो की छताला टांगलेला नऊ वॉटचा दिवा, त्या सर्वांच्या पोटात एकच वस्तू आहे. ती म्हणजे एलईडी, अर्थात अर्धवाहक स्फटिकाचा तुकडा. त्यात तापून लाल होणारी तार नाही, जळणारे तेल नाही आणि वायू भरलेली नळीही नाही. वीज जाताच स्फटिक स्वतःच प्रकाशतो.

या दिव्याचा जन्म कधी झाला, असे विचारले तर पाठ्यपुस्तके बहुधा १९६२ हे वर्ष सांगतात. त्या वर्षी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत निक होलोनियाक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी घडवला. २०१४ साली इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना निळ्या एलईडीबद्दल भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा या दिव्याची कीर्ती सर्वतोमुखी झाली. परंतु होलोनियाक यांच्याही चार दशके आधी, रशियातील व्होल्गा नदीकाठच्या एका प्रयोगशाळेत विशीतल्या एका तरुणाने हाच थंड प्रकाश पाहिला होता. त्याने तो नुसता पाहिला नाही, तर वर्षानुवर्षे त्याचा पाठपुरावा केला. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. त्याचे नाव ओलेग व्लादिमिरोविच लोसेव. वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, वेढा पडलेल्या लेनिनग्राद शहरात, भुकेने त्याचा अंत झाला.

निरोप्या ते संशोधक

ओलेग लोसेव यांचा जन्म १० मे १९०३ रोजी त्वेर या शहरी झाला. त्वेर हेही व्होल्गेच्याच काठचे. वडील निवृत्त लष्करी अधिकारी होते आणि पुढे रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत नोकरीस होते. त्या काळी त्वेर येथे लष्कराचे एक बिनतारी संदेश केंद्र होते. केंद्रप्रमुखांचे बिनतारी संदेशवहनावरील जाहीर व्याख्यान ऐकण्याचा योग शाळकरी ओलेगला आला आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरून गेली. केंद्रावर त्याचे येणे-जाणे सुरू झाले. तेथेच व्लादिमीर लेबेदिन्स्की या भौतिकशास्त्रज्ञाशी त्याची ओळख झाली. घरातल्या घरात तारा आणि स्फटिक जोडून संदेश ऐकण्याचा छंद त्याला जडला तो कायमचा.

१९१७ च्या क्रांतीनंतरचा तो धामधुमीचा काळ होता. १९१८ साली निझ्नी नोव्हगोरोद येथे नव्या राजवटीने रेडिओ संशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन केली. मिखाईल बोंच-ब्रुयेविच हे तिचे प्रमुख सूत्रधार होते आणि त्वेरच्या केंद्रावरील अनेक तज्ज्ञ तिकडे गेले. १९२० साली शालेय शिक्षण संपवून ओलेग मॉस्कोला गेला. तेथे भरलेल्या रेडिओ अभियंत्यांच्या परिषदेत लेबेदिन्स्की यांची पुन्हा गाठ पडली आणि उच्च शिक्षणाचा बेत बाजूला ठेवून त्याने निझ्नी नोव्हगोरोदची वाट धरली.

प्रयोगशाळेत प्रारंभी त्याला मिळालेले काम होते निरोप्याचे. राहण्यास खोली नव्हती, म्हणून प्रयोगशाळेच्याच इमारतीत माळ्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या कोपऱ्यात तो मुक्काम करी. दिवसा कागदपत्रे पोहोचवायची आणि उरलेल्या वेळात उपकरणांशी झटायचे, असा त्याचा क्रम होता. लवकरच वरिष्ठांनी त्याचे कसब ओळखले आणि त्याला संशोधनाचे काम दिले.

स्फटिकाचा रेडिओ

लोसेव यांचे संशोधन ज्या वस्तूभोवती फिरले ती म्हणजे स्फटिक-शोधक. खनिजाच्या स्फटिकावर धातूच्या बारीक तारेचे टोक टेकवले की त्या जोडातून वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने अडते. या गुणामुळे आकाशातून आलेल्या रेडिओलहरींचे कानाला ऐकू येणाऱ्या संकेतांत रूपांतर करता येते. या क्षेत्रातील आद्य नावांपैकी एक भारतीय आहे. गॅलेना या शिशाच्या खनिजावर आधारित शोधकाचे अमेरिकन पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली मिळाले होते.

स्फटिक स्वस्त होता, टिकाऊ होता. मात्र तो क्षीण संदेश बलवान करू शकत नव्हता. ते काम काचेच्या निर्वात नळ्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे. नळ्या महाग, विजेच्या बाबतीत खादाड आणि युद्धाने पोळलेल्या रशियात दुर्मीळ होत्या. स्फटिकालाच हे काम का जमू नये, हा प्रश्न लोसेव यांनी हाती घेतला. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम एकल्स यांनी १९१० च्या सुमारास स्फटिकातून विद्युत आंदोलने मिळू शकतात, असे दाखवले होते. परंतु त्या निरीक्षणाचे उपयुक्त यंत्रात रूपांतर कोणी केले नव्हते.

लोसेव यांनी एकामागून एक खनिजे तपासली. १३ जानेवारी १९२२ रोजी झिंकाइट या जस्ताच्या खनिजाने त्यांना हवे ते उत्तर दिले. स्फटिकावर योग्य जागी टोक टेकवून काही व्होल्टचा दाब दिला की तो जोड विद्युत आंदोलने निर्माण करू लागे आणि आलेला संदेश वाढवूनही देई. विजेचा दाब वाढवला असता प्रवाह वाढण्याऐवजी कमी होतो, असा टापू त्या जोडात होता. त्या वेळी लोसेव यांच्या वयाची एकोणीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

या शोधावर आधारलेला बिनानळीचा रेडिओ क्रिस्टाडाइन या नावाने गाजला. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या रेडिओ न्यूज या मासिकाने सप्टेंबर १९२४ च्या अंकात त्याचे मोठे स्वागत केले. ब्रिटनच्या वायरलेस वर्ल्डमध्येही त्याच वर्षी त्याची माहिती आली. परंतु कौतुकाची ही लाट फार काळ टिकली नाही. झिंकाइट सर्वत्र सापडत नव्हते, नेमकी जागा शोधण्यात हात थकत आणि जरासा धक्का बसला की जोड बिघडे. इकडे व्हॉल्व्ह स्वस्त व भरवशाचे होत गेले. काही वर्षांतच क्रिस्टाडाइन मागे पडला.

कार्बोरंडममधील ठिणगी, जी ठिणगी नव्हती

याच धांडोळ्यात १९२३ साली लोसेव यांच्या नजरेस एक वेगळीच गोष्ट आली. कार्बोरंडमच्या स्फटिकातून वीज सोडली असता तारेच्या टोकाशी मंद प्रकाश दिसत होता.

कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, हा पदार्थ सामान्य माणसाला अपरिचित नाही. कोयत्याला आणि विळ्याला धार लावण्यासाठी बाजारात जे दगड मिळतात, त्यांतील अनेक याच पदार्थाचे असतात. अशा रांगड्या पदार्थातून प्रकाश निघतो, हे लोसेव यांच्याही आधी एकाच्या ध्यानात आले होते. मार्कोनी यांचे सहकारी हेन्री राउंड यांनी १९०७ साली इलेक्ट्रिकल वर्ल्ड या नियतकालिकात एक छोटेसे टिपण लिहून त्याची नोंद केली होती. दहा व्होल्टच्या दाबाने काही स्फटिकांतून पिवळसर प्रकाश बाहेर पडतो, एवढे सांगून ते थांबले. पुढे त्यांनी या विषयाचा पाठपुरावा केला नाही. त्यामुळे प्रकाश प्रथम कोणी पाहिला, याचे उत्तर राउंड असेच द्यावे लागते. मात्र तो प्रकाश काय आहे, हे प्रथम चिकाटीने कोणी तपासले, याचे उत्तर लोसेव हे आहे.

पहिला प्रश्न साधा होता. तार तापली की ती लाल होते. विजेच्या बल्बचे गमक तेच. मग स्फटिकाचे टोकही तापूनच उजळत नसेल कशावरून? लोसेव यांनी प्रकाशणाऱ्या पृष्ठभागावर बेंझिनचा थेंब ठेवला. बेंझिन झटकन उडून जाणारा द्रव आहे. पृष्ठभाग तापलेला असता तर थेंब क्षणात नाहीसा झाला असता. तो सावकाश, नेहमीच्या गतीनेच उडून गेला. म्हणजे प्रकाश होता आणि उष्णता नव्हती. एका थेंबाच्या साध्या प्रयोगातून लोसेव यांनी तापलेल्या तारेचा दिवा आणि अर्धवाहकाचा दिवा यांतील मूलभूत भेद सिद्ध केला. आजचा नऊ वॉटचा एलईडी जुन्या साठ वॉटच्या बल्बइतका उजेड देतो, त्याचे मूळ याच भेदात आहे. जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो.

त्यांची तपासणी येथे थांबली नाही. किती दाबाला प्रकाश सुरू होतो, प्रवाह बदलला की त्याची तीव्रता कशी बदलते, त्यात कोणते रंग आहेत, तो किती वेगाने चालू-बंद होऊ शकतो, याची मोजमापे त्यांनी घेतली. प्रकाश स्फटिकाच्या पृष्ठभागाजवळच्या अत्यंत पातळ थरातून येतो आणि त्या थराचे विद्युत गुणधर्म आतल्या भागाहून भिन्न आहेत, हेही त्यांनी पुढे दाखवले. १९२७ साली त्यांचा सविस्तर शोधनिबंध रशियन नियतकालिकात आणि १९२८ साली लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. १९२७ मध्येच त्यांनी प्रकाश-रिले या नावाने पेटंटसाठी अर्ज केला. स्फटिकाचा प्रकाश अतिवेगाने चालू-बंद करून तारसंदेश, ध्वनी आणि चित्रे पाठवता येतील, ही त्यामागची कल्पना होती. आज समुद्रतळाखालून जाणाऱ्या काचतंतूंतून दूरध्वनी व इंटरनेटची वाहतूक अर्धवाहक प्रकाशस्रोतांच्याच बळावर होते, हे पाहिले म्हणजे त्या अर्जाचे मोल ध्यानात येते.

प्रकाशाचे कारण शोधताना लोसेव यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पुंजसिद्धान्ताचा आधार घेतला. प्रकाश धातूवर पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, या प्रकाशविद्युत परिणामाचे स्पष्टीकरण आइन्स्टाइन यांनी दिले होते. स्फटिकात त्याच्या नेमके उलट घडत असावे, म्हणजे विजेची ऊर्जा प्रकाशकणांच्या रूपाने बाहेर पडत असावी, असा लोसेव यांचा कयास होता. दिशा बरोबर होती. मात्र ती वाट शेवटपर्यंत चालण्यासाठी जे शास्त्र हवे होते, ते तेव्हा जन्माला यायचे होते. अर्धवाहकातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांचा सिद्धान्त ॲलन विल्सन यांनी १९३१ साली मांडला.

लेनिनग्राद

१९२८ साली निझ्नी नोव्हगोरोदची प्रयोगशाळा लेनिनग्रादच्या मध्यवर्ती रेडिओ प्रयोगशाळेत विलीन करण्यात आली आणि लोसेव यांना व्होल्गेचा काठ सोडावा लागला. लेनिनग्रादमध्ये अब्राम योफे यांच्या भौतिक-तांत्रिक संस्थेतही त्यांनी काही काळ प्रयोग केले. स्फटिकांच्या प्रकाशसंवेदनशीलतेवरील त्यांचे काम या काळातले. तथापि त्यांच्या विषयासाठी स्वतंत्र विभाग वा शिष्यवर्ग उभा राहिला नाही. पदवी नसल्याने संशोधनसंस्थेत बस्तान बसणेही सोपे नव्हते. १९३७ पासून ते लेनिनग्रादच्या पहिल्या वैद्यकीय महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागले.

१९३८ साली योफे यांच्या संस्थेने त्यांच्या एकूण कार्याची दखल घेऊन, प्रबंध सादर करण्याची अट न घालता, त्यांना डॉक्टरेटच्या अलीकडची उच्च पदवी बहाल केली. महाविद्यालयात पाऊल न टाकता संशोधनाच्या मैदानात उतरलेल्या या माणसाला पंचतिशीत मिळालेली ही पहिली औपचारिक मान्यता. तोवर १६ शोधांची हक्कपत्रे त्यांच्या नावे होण्याच्या वाटेवर होती आणि आयुष्यभरातील त्यांच्या शोधनिबंधांची संख्या ४३ भरते.

अखेरच्या वर्षांत त्यांचे लक्ष सिलिकॉनकडे वळले होते. हेच मूलद्रव्य पुढे संपूर्ण इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचा पाया ठरले. अर्धवाहकापासून तीन टोकांची, व्हॉल्व्हप्रमाणे काम करणारी रचना उभारता येईल, असे आपल्या लक्षात आल्याचे त्यांनी १९३९ सालच्या आत्मवृत्तात नमूद केले होते. एवढ्यावरून त्यांना ट्रान्झिस्टरचा जनक ठरवणे अतिशयोक्तीचे होईल. प्रत्यक्ष ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतच साकारला. मात्र ते कोणत्या वाटेवर होते, हे त्यावरून कळते.

त्या वाटेवर युद्ध आडवे आले. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी लेनिनग्रादची खुश्कीची नाकेबंदी पूर्ण केली. पुढे ८७२ दिवस चाललेल्या या वेढ्यातील पहिला हिवाळा सर्वांत भीषण ठरला. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात कारकून, अवलंबित व्यक्ती आणि मुले यांच्या वाट्याला दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव येऊ लागला आणि त्या पावातही भेसळ होती. घरांची वीज बंद झाली, ट्रॅम जागच्या जागी थिजल्या. कडाक्याच्या थंडीत माणसे फर्निचर आणि पुस्तके जाळून ऊब मिळवू लागली. अशा अवस्थेत लोसेव शहरातच राहिले. महाविद्यालयाच्या रुग्णालयात ते जखमींसाठी रक्तदान करीत आणि जखमेत रुतलेले धातूचे तुकडे शोधणारे उपकरण त्यांनी तयार केले होते. वेढ्याच्या काळात त्यांनी लिहिलेला एक शोधनिबंध प्रसिद्ध न होताच गहाळ झाला.

२२ जानेवारी १९४२ रोजी, उपासमारीने ओलेग लोसेव यांची प्राणज्योत मालवली. त्या दिवशी लेनिनग्राद काळोखात होते.

उशिरा आलेली ओळख

लोसेव यांच्या मागे त्यांचे निबंध उरले. फ्रान्समधील जॉर्ज देस्त्रियो यांनी १९३६ साली प्रकाशमान स्फटिकांवर काम करताना या प्रकाशाला लोसेव यांचेच नाव दिले होते. १९५१ साली अमेरिकेत कुर्ट लेहोवेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या प्रकाशाचा उलगडा केला. अर्धवाहकाच्या एका भागात इलेक्ट्रॉन अधिक असतात, शेजारच्या भागात इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा अधिक असतात. विजेच्या दाबाने इलेक्ट्रॉन सीमा ओलांडून त्या रिकाम्या जागा भरतात आणि उरलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. लोसेव यांनी ज्या पातळ थराकडे बोट दाखवले होते, तो हाच सीमाप्रदेश.

त्यानंतर घडामोडी वेगाने झाल्या. १९६१ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जेम्स बियार्ड आणि गॅरी पिटमन यांना गॅलियम आर्सेनाइडमधून अदृश्य अवरक्त प्रकाश मिळाला. पुढच्याच वर्षी होलोनियाक यांचा लाल दिवा आला. १९८९ साली बाजारात आलेले निळे एलईडी सिलिकॉन कार्बाइडचेच होते. पण त्यांचा उजेड फारच क्षीण होता. १९९३ मध्ये नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडचा तेजस्वी निळा दिवा सादर केला आणि निळ्यावर पिवळ्या प्रकाशाचा थर चढवून पांढरा उजेड मिळवण्याचा मार्ग खुला झाला. या साऱ्या प्रवासात लोसेव यांचे नाव जवळपास लुप्त झाले होते. ते पुन्हा जगासमोर आणले एगॉन लोबनर यांनी. नाझी छळछावणीतून वाचलेले आणि पुढे अमेरिकेत एलईडीवर संशोधन केलेले लोबनर यांनी १९७६ साली एलईडीच्या इतिहासावर दीर्घ लेख लिहून लोसेव यांच्या कार्याचा सविस्तर परामर्श घेतला.

भूक आणि प्रकाश

भारतात ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. एके काळी चैनीचा वाटणारा हा दिवा त्यामुळे सामान्यांच्या आवाक्यात आला. डोंगरी पाड्यांसाठी त्याचे महत्त्व शहराहून अधिक आहे. सौरपट्टीवर भागणाऱ्या मोजक्या विजेत रात्रभर उजेड देणे जुन्या बल्बला कधीच शक्य नव्हते. लोसेव यांच्या थंड प्रकाशाचा सर्वांत मोठा लाभ जिथे वीज अपुरी, तिथेच होतो.

जव्हार-मोखाड्याचा उल्लेख मात्र केवळ अंधारासाठी होत नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा बदलला, रस्ते झाले, दिवे आले, तरी कुपोषणाचा प्रश्न या भागाची पाठ सोडत नाही. लोसेव यांचे चरित्र इथल्या वाचकाला परके वाटणार नाही, ते यामुळेच. पदवी नसतानाही त्या माणसाचे काम अडले नाही, उपकरणे तुटपुंजी असतानाही अडले नाही. ते अडले ते अन्न संपल्यावर.

सिलिकॉनवर काम करणारा तो माणूस आणखी वीस वर्षे जगला असता, तर एलईडीचा इतिहास कसा लिहिला गेला असता, याचे उत्तर आता मिळणार नाही. खोडाळ्याच्या एखाद्या पाड्यावर सौरदिव्याच्या उजेडात वही उघडून बसलेल्या मुलाचे पोट भरलेले असावे, ही काळजी मात्र आजही घेता येण्यासारखी आहे.